झिको : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्ल्डकप जवळ आला की आमच्या कोल्हापुरात पेठांमधून ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे चढतात आणि त्यांच्या मागोमाग प्रश्नही येऊ लागतात. पेलेबद्दल कुणी विचारत नाही, त्याचं सगळं पाठ असतं. झिकोबद्दल मात्र विचारणा थांबत नाही. थोरली मंडळी ‘८२ चा तो सामना’ म्हणून सुरुवात करतात, तर पोरांना तो ‘गोव्याचा कोच’ म्हणून माहीत असतो. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. हवा तो प्रश्न सुटा वाचा, जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागेल तिथे त्याचा क्रमांक दिलाय.

१. झिको नेमका कोण? त्याचं खरं नाव काय?

आर्तूर आन्तुनेस कोइम्ब्रा. जन्म ३ मार्च १९५३, रिओ दि जानेरोच्या किंतिनो या उपनगरात. वडील पोर्तुगालमधून आलेले. सहा भावंडांत हा शेंडेफळ. घरात फुटबॉल आधीपासूनच होता: थोरले भाऊ आन्तुनेस आणि एदू दोघेही व्यावसायिक खेळाडू, आणि एदू तर रिओतल्या अमेरिका क्लबचा हिरो. ब्राझीलमध्ये झिको आयुष्यभर फ्लामेंगो या एकाच क्लबासाठी खेळला. मध्ये दोन वर्षं इटलीत उदिनेसेकडे आणि शेवटी जपानमध्ये काशिमाकडे. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातून तीन वर्ल्डकप खेळला: १९७८, १९८२ आणि १९८६. त्याला ‘गोरा पेले’ म्हणायचे. स्वतः पेलेनंही आपल्या सर्वांत जवळ पोचलेला खेळाडू म्हणून झिकोचंच नाव घेतल्याचं सांगतात.

२. ‘झिको’ हे नाव आलं कुठून? आणि त्याला कोंबडा का म्हणतात?

आपल्याकडे जसं बाळूचं बाळ्या होतं, तसंच. आर्तूरचं लाडानं ‘आर्तूरझिन्यो’, त्याचं ‘आर्तूरझिको’, मग ‘तुझिको’, आणि शेवटी नुसतं ‘झिको’. हे बारसं घरातल्याच एका चुलतबहिणीनं केलं.

‘किंतिनोचा गालिन्यो’, म्हणजे किंतिनोचा छोटा कोंबडा, हे नाव रेडिओ समालोचक वाल्दिर आमाराल यांनी दिलं. लहान चण, डोक्यावर झुलपं आणि चेंडू घेऊन तुरुतुरु पळणं. रेडिओवर ऐकणाऱ्याला तो डोळ्यांपुढे उभा राहावा म्हणून दिलेलं नाव शेवटपर्यंत चिकटलं.

३. तो मिडफिल्डर होता की फॉरवर्ड? एवढे गोल मिडफिल्डर कसा मारेल?

दहा नंबरचा खेळाडू. ब्राझीलमध्ये या जागेला वेगळाच मान आहे. कागदावर तो मध्यफळीत असतो, पण त्याचं काम मध्यफळी आणि आघाडी यांच्यातल्या रिकाम्या पट्ट्यात. चेंडू पाठमोरा घ्यायचा, एका स्पर्शात वळायचं, आणि मग एकतर पुढच्याला वाट करून द्यायची किंवा स्वतःच आत घुसायचं. झिको ही दोन्ही कामं सारख्याच सफाईनं करायचा. शिवाय फ्री-किक आणि पेनल्टीही त्याच्याकडेच. म्हणून गोलांचे आकडे सेंटर-फॉरवर्डसारखे दिसतात. आजच्या भाषेत ‘अटॅकिंग मिडफिल्डर’ म्हणा, फार चूक नाही.

फ्री-किकबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याच्या फ्री-किकमध्ये ताकद कमी, हिशोब जास्त. चेंडू भिंतीवरून जेमतेम जायचा आणि कोपऱ्यात उतरायचा. सराव संपल्यावर गोलपोस्टच्या वरच्या कोपऱ्यात शर्ट टांगून तो त्यावर नेम धरत बसायचा, ही गोष्ट ब्राझीलमध्ये पोरापोराला ठाऊक आहे.

४. इतका किडकिडीत पोरगा फ्लामेंगोत पोचला कसा?

खरं तर तो जाणार होता एदूच्या अमेरिका क्लबात, बोलणी जवळपास झाली होती. पण सेल्सो गार्सिया नावाच्या रेडिओवाल्यानं त्याला एका स्थानिक सामन्यात पाहिलं आणि १९६७ मध्ये फ्लामेंगोकडे नेलं. अख्खं घर फ्लामेंगोचं भक्त, त्यामुळे पुढचं ठरलेलंच होतं.

अडचण अंगकाठीची होती. खेळ डोळ्यांत भरायचा, पण धक्का लागला की पोरगा आडवा. क्लबानं त्याच्यासाठी व्यायाम, आहार आणि औषधांचा कित्येक वर्षांचा कार्यक्रम आखला. तो राबवणाऱ्या शारीरिक प्रशिक्षकाचं नाव होतं फ्रांकालाची. मोठ्या संघात तो १९७१ मध्ये पहिल्यांदा उतरला, पण जागा पक्की व्हायला आणखी दोन-तीन वर्षं गेली. ‘जन्मजात प्रतिभा’ म्हणून त्याचं उदाहरण देणाऱ्यांनी ही वर्षंही मोजावीत.

५. १९७२ च्या ऑलिंपिकमधून त्याला राजकारणामुळे वगळलं, हे खरं का?

पात्रता फेरीत तो खेळला होता आणि म्युनिकला जाणार हे तो धरूनच चालला होता. यादीत नाव आलं नाही. त्या धक्क्यानं त्यानं फुटबॉल सोडायचं ठरवलं होतं, भावांनी समजूत घालून परत मैदानावर आणलं.

राजकारणाचा भाग असा. त्याचा दुसरा एक भाऊ नांदो, तोही फुटबॉलपटू. १९६४ च्या लष्करी उठावाआधी त्यानं शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्या पद्धतीनं चालणाऱ्या साक्षरता मोहिमेत शिकवण्याचं काम केलं होतं. लष्करी राजवटीत ते नाव काळ्या यादीत जायला पुरेसं होतं. नांदोची कारकीर्द त्यात संपली. पुढे लोकशाही सरकारनं त्याला राजकीय छळ झालेला म्हणून मान्यता दिली आणि असा तो ब्राझीलचा पहिला फुटबॉलपटू ठरला. १९७० च्या वर्ल्डकप संघात एदू नव्हता आणि ऑलिंपिक संघात झिको नव्हता, त्यामागे हेच कारण असल्याचं घरच्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. निवड समितीनं असं कारण लिहून ठेवलेलं नसतं, तेव्हा कागदी पुरावा मागू नका. पण नांदोची गोष्ट वाचल्यावर त्यांचं म्हणणं उडवून लावणं मला जमत नाही.

६. फ्लामेंगोसाठी त्यानं काय जिंकून दिलं?

थोडक्यात सांगायचं तर सगळं. रिओ राज्याची लीग अनेकदा, ब्राझीलची राष्ट्रीय लीग १९८०, १९८२ आणि १९८३ मध्ये (१९८७ चा वाद प्रश्न ७ मध्ये). पण फ्लामेंगोचा माणूस बोट ठेवतो ते १९८१ वर.

त्या वर्षी कोपा लिबर्तादोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत समोर चिलीचा कोब्रेलोआ होता. रिओच्या माराकाना मैदानावर २-१, दोन्ही गोल झिकोचे. सांतियागोत ०-१ हार, आणि ती मारामारीनं गाजलेली. तिसरा, निर्णायक सामना माँतेविदेओला: २-० आणि पुन्हा दोन्ही गोल झिकोचे, त्यातला एक फ्री-किकवर. म्हणजे तीन सामन्यांत फ्लामेंगोचे चार गोल आणि चारही एकाच माणसाचे.

तीन आठवड्यांनी, १३ डिसेंबर १९८१ ला, टोकियोत युरोपविजेत्या लिव्हरपूलशी गाठ पडली. ३-०, तेही मध्यंतरापूर्वीच. नुनेसचे दोन आणि आदिलिओचा एक. गोलांच्या यादीत झिकोचं नावच नाही, आणि तरी सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच. कारण पहिला आणि तिसरा गोल त्याच्या पासवर झाला, तर दुसरा त्याच्या फ्री-किकवरून गोलरक्षकाच्या हातून सुटलेल्या चेंडूवर. बक्षीस म्हणून टोयोटाची गाडी मिळाली. त्या संघातले बरेच जण, लेआन्द्रो, ज्युनियर, आन्द्रादे, आदिलिओ, क्लबाच्या स्वतःच्या पोरांतून वर आलेले होते. विकत आणलेला संघ नव्हता तो.

७. मग राष्ट्रीय लीग तीन की चार?

फ्लामेंगोच्या माणसाला विचारलंत तर चार, रेसिफेत विचारलंत तर तीन, आणि तेही रागानं. १९८७ मध्ये मोठ्या क्लबांनी स्वतःची ‘कोपा उनिआँव’ भरवली. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला झिको त्यात खेळला आणि फ्लामेंगोनं ती जिंकली. महासंघाचं म्हणणं होतं की त्या विजेत्यानं दुसऱ्या गटाच्या विजेत्याशी खेळावं. फ्लामेंगोनं नकार दिला, आणि स्पोर्त रेसिफे विजेता जाहीर झाला. खटला तीस वर्षं चालला. २०१७ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पोर्तच्या बाजूनं कौल दिला. कायद्यानं तीन, हे त्यामुळे पक्कं. माराकानाच्या गॅलरीत मात्र न्यायालयाचा निकाल अजून पोचलेला नाही.

८. एवढा मोठा खेळाडू मिलान-युव्हेंटसऐवजी उदिनेसेसारख्या छोट्या क्लबाकडे का गेला?

उदिनेसेनं पैसे टाकले म्हणून, साधी गोष्ट आहे. १९८३ मध्ये इटलीच्या ईशान्य टोकाच्या या शहरानं बाकीच्यांना गप्प केलं. मे महिन्यात दीड लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर सांतोसला ३-० हरवून झिकोनं तिसरी राष्ट्रीय लीग जिंकली, आणि लगेच तो निघाला. रिओत लोक रडले.

गंमत पुढे आहे. इतका मोठा व्यवहार पाहून इटालियन महासंघानं तो अडवला. उदिनेचे लोक रस्त्यावर उतरले आणि घोषणा दिली, ‘झिको नाहीतर ऑस्ट्रिया!’ हे शहर १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. म्हणजे आमचा झिको देत नसाल तर आम्ही चाललो परत! प्रकरण राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनींपर्यंत गेलं आणि शेवटी परवानगी मिळाली.

पहिल्याच सामन्यात उदिनेसेनं जेनोआला त्यांच्या घरी ५-० हरवलं, त्यात झिकोचे दोन. त्या मोसमात २४ सामन्यांत १९ गोल. गोलांच्या यादीत पहिल्या आलेल्या फ्रान्सच्या प्लातिनीचे २० होते, पण २८ सामन्यांत आणि युव्हेंटसच्या साथीनं. संघ मात्र नववा आला. दुसरं वर्ष दुखापतींत गेलं आणि १९८५ मध्ये तो रिओला परतला. एवढ्या दोन वर्षांवर उदिनेत आजही त्याचं नाव काढलं की म्हातारे खुर्ची ओढून बसवतात.

९. झिकोला बॅलन डी’ऑर का मिळाला नाही?

मिळूच शकत नव्हता. १९९५ पर्यंत तो पुरस्कार फक्त युरोपीय खेळाडूंसाठी होता. पेले आणि मॅराडोनालाही त्यांच्या खेळण्याच्या काळात तो मिळाला नाही, त्याचं कारण हेच. झिको दक्षिण अमेरिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तीनदा: १९७७, १९८१ आणि १९८२. १९८३ मध्ये इंग्लंडच्या ‘वर्ल्ड सॉकर’ मासिकानं त्याला जगातला सर्वोत्तम म्हणून निवडलं. यादी करून तुलना करणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत, एवढीच विनंती.

१०. १९७८ च्या वर्ल्डकपमध्ये त्याचा गोल रेफ्रीनं खाल्ला, ही काय भानगड?

३ जून १९७८, मार देल प्लाता, ब्राझील विरुद्ध स्वीडन, १-१. शेवटच्या क्षणी कॉर्नर. चेंडू हवेतून आला, झिकोनं डोक्यानं जाळ्यात घातला. वेल्सचे रेफ्री क्लाइव्ह थॉमस यांनी सांगितलं की वेळ संपली, चेंडू हवेत असतानाच शिट्टी वाजवली. नियमाच्या पुस्तकात त्यांना तो अधिकार होताच. पण कॉर्नर मारू द्यायचा आणि चेंडू वाटेत असताना खेळ बंद करायचा, असला रेफ्री आपल्या शाहू स्टेडियमवर असता तर त्याला घरी सोडायला पोलीस लागले असते. सामना बरोबरीत राहिला. झिकोची संघातली जागाही पुढे गेली. त्या स्पर्धेत त्याचा एकच गोल, पेरूविरुद्ध पेनल्टीवर. ब्राझील तिसरा आला.

११. १९८२ चा संघ एवढा भारी होता तर हरला कसा?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न, आणि तोही बहुतेक वेळा हळहळत विचारलेला.

प्रशिक्षक तेले सांतानांचा संघ. मध्यफळीत झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ आणि सेरेझो, डावीकडून एडर, बचावातून वर येणारे ज्युनियर आणि लेआन्द्रो. स्कॉटलंडविरुद्ध झिकोची फ्री-किक, न्यूझीलंडविरुद्ध त्याचे दोन गोल, आणि अर्जेंटिनाविरुद्ध एडरची फ्री-किक क्रॉसबारला लागून आल्यावर धावत येऊन मारलेला त्याचा स्पर्धेतला चौथा. पास इतके सहज चालायचे, जणू चौघेही एकाच गल्लीत वाढले होते.

५ जुलै १९८२, बार्सिलोनातलं सारिया मैदान, समोर इटली. उपांत्य फेरीसाठी ब्राझीलला बरोबरी पुरत होती. पाओलो रॉसीनं पाचव्या मिनिटाला गोल केला. झिकोनं इटलीच्या जेंटिले या बचावपटूला गिरकी देऊन सॉक्रेटिससाठी वाट उघडली, १-१. ज्युनियर-सेरेझोच्या गोंधळातला पास रॉसीनं पळवला, १-२. फाल्काओचा तो प्रचंड फटका, २-२. इथे थांबले असते तरी चाललं असतं. ७४ व्या मिनिटाला कॉर्नरवरून रॉसीचा तिसरा, २-३.

जेंटिले दिवसभर झिकोच्या अंगाला चिकटून होता, इतका की झिकोचा शर्ट फाटला. पंचांना फाटका शर्ट दाखवूनही पेनल्टी मिळाली नाही. पण हार फक्त त्यामुळे झाली असं म्हणणं खोटं. बरोबरी पुरत असताना हा संघ पुढेच जात राहिला. त्याला दुसरं काही खेळता येत नव्हतं, आणि मागची फळी पुढच्यांइतकी चांगली नव्हती. इटलीनं त्या दिवशी ब्राझीलपेक्षा कमी चुका केल्या. पुढे इटलीनंच वर्ल्डकप जिंकला, हेही विसरू नये.

१२. १९८६ मध्ये त्यानं पेनल्टी घालवली म्हणून ब्राझील हरला, बरोबर?

अर्धं बरोबर. त्याआधीचं एक वर्ष बघा. २९ ऑगस्ट १९८५ ला बांगू क्लबाच्या एका बचावपटूनं त्याच्या पायावर दोन्ही पायांनी उडी घेतली. गुडघा गेला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया. मेक्सिकोला तो गेला तो अर्ध्या गुडघ्यावर.

२१ जून १९८६, ग्वादालाहारा, फ्रान्सविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, १-१. दुसऱ्या डावात झिको बदली म्हणून आला आणि आल्याआल्या दिलेल्या पासवर ब्रांकोला पेनल्टी मिळवून दिली. चेंडू हातात घेतला तो त्यानंच. अंग अजून गरम झालं नव्हतं. फ्रान्सचा गोलरक्षक जोएल बाट्सनं ती अडवली. पुढे टायब्रेकरमध्ये झिकोनं आपली पेनल्टी घातली. घालवल्या त्या सॉक्रेटिस आणि ज्युलिओ सेझार यांनी, आणि पलीकडून प्लातिनीनंही. फ्रान्स ४-३. लोकांच्या लक्षात राहिली ती झिकोचीच. हा हिशोब तिथेही असाच चालतो.

१३. वर्ल्डकप नाही, तर मग त्याला महान का म्हणायचं?

या प्रश्नाला मी नेहमी उलट विचारतो: मग काशिमात पुतळा कशाला उभारला? वर्ल्डकप जिंकलेल्या कित्येकांचा कुणी दगडही उभा केलेला नाही.

झिकोची लोकप्रियता एका स्पर्धेच्या निकालावर उभी नाही, ती तो राहिला त्या गावांवर उभी आहे. तो जिथे गेला तिथे क्लब आधी लहान होता किंवा जिंकायचं विसरलेला, आणि तो निघाला तेव्हा तिथल्या माणसांना आपण मोठे आहोत असं वाटत होतं. फ्लामेंगोनं त्याच्याआधी एकही राष्ट्रीय लीग जिंकली नव्हती. काशिमाचा क्लब त्याच्याआधी कुणाला माहीतही नव्हता (प्रश्न १४). फ्लामेंगोचे पाठीराखे ३ मार्चला, म्हणजे त्याच्या वाढदिवसाला, आपला नाताळ म्हणतात. दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस तो माजी खेळाडूंना गोळा करून मदतनिधीचा सामना भरवतो आणि त्यालाही माराकाना भरतं. १९८२ च्या हरलेल्या संघावर आज चाळीस वर्षांनंतरही आपण बोलतोय, १९९४ च्या जिंकलेल्या संघावर किती जण बोलतात?

तरीही कुणाला वर्ल्डकपशिवाय पटत नसेल, तर नाही पटत. क्रूफ आणि पुश्कासही मग त्याच रांगेत उभे करा.

१४. जपानमध्ये त्याला ‘फुटबॉलचा देव’ का म्हणतात?

१९९१ मध्ये ३८ वर्षांचा झिको गेला तो सुमितोमो मेटल्स या पोलाद कंपनीच्या संघात. दुसरी श्रेणी, कामगारांचा संघ, गाव काशिमा. जपान त्या वेळी नवी व्यावसायिक लीग उभी करत होता. काशिमानं अर्ज केला, तेव्हा लीगचे प्रमुख साबुरो कावाबुची यांनी ‘९९.९९९९ टक्के अशक्य’ असं सांगितल्याची गोष्ट तिथे अजून सांगतात. छत असलेलं पंधरा हजारांचं मैदान बांधा, मग बघू, असं म्हणून टाळलं. गावानं मैदान बांधलं!

झिकोनं पहिल्या वर्षी त्या दुसऱ्या श्रेणीत सर्वाधिक, २१ गोल मारले. पण त्यानं शिकवलं ते वेगळंच: वेळेवर यायचं, बूट स्वतः सांभाळायचे, सराव हलका घ्यायचा नाही, हरल्यावर हसायचं नाही. १६ मे १९९३ ला नव्या जे-लीगमधला पहिला सामना काशिमानं नागोयाशी खेळला. नागोयाकडे इंग्लंडचा गॅरी लिनेकर होता. काशिमा ५-०, चाळिशीतल्या झिकोची हॅटट्रिक. मोसमाचा पहिला टप्पाही काशिमानंच जिंकला. क्लबात आजही ‘झिकोची वृत्ती’ म्हणून तीन शब्द जपतात: समर्पण, निष्ठा, आदर. काशिमा पुढे जपानमधला सर्वाधिक किताब मिळवणारा क्लब झाला, म्हणून हे शब्द भिंतीवरची पाटी होऊन राहिले नाहीत.

१५. एवढा आदर-आदर म्हणता, पण तो चेंडूवर थुंकला होता ना?

थुंकला होता. जानेवारी १९९४, जे-लीगच्या अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीचा दुसरा सामना, समोर वर्दी कावासाकी. त्यांना पेनल्टी दिली गेली. चिडलेला झिको पेनल्टीसाठी ठेवलेल्या चेंडूकडे गेला, थुंकला आणि मैदानाबाहेर काढला गेला. अजिंक्यपदही वर्दीकडे गेलं. देव म्हटल्या जाणाऱ्या माणसाचा हा प्रसंग जपानी लोक लपवत नाहीत, आपणही लपवू नये.

१६. तो निवृत्त नेमका कधी झाला? कुठे १९८९, कुठे १९९०, कुठे १९९४ लिहिलंय.

तिन्ही बरोबर. डिसेंबर १९८९ मध्ये फ्लामेंगोसाठी शेवटचा अधिकृत सामना, फ्लुमिनेन्सेविरुद्ध ५-०, त्यातही एक फ्री-किक आत. फेब्रुवारी १९९० मध्ये माराकानावर निरोपाचा सामना. मग जपानमधलं दुसरं आयुष्य आणि १९९४ मध्ये खरी निवृत्ती. त्यानंतरही स्वस्थ बसला नाही, वाळूवरच्या फुटबॉलमध्ये ब्राझीलकडून जगज्जेता झाला. त्याला मी मोजत नाही.

१७. मधल्या काळात तो मंत्री होता का?

१९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो कोलोर यांच्या सरकारात क्रीडा खात्याचा प्रमुख होता, साधारण वर्षभर. क्लबांचा कारभार सुधारण्यासाठी त्यानं मांडलेल्या विचारांतून निघालेला कायदा १९९३ मध्ये झाला आणि ‘झिको कायदा’ म्हणून ओळखला गेला. पुढे १९९८ मध्ये ‘पेले कायद्या’नं त्याची जागा घेतली. इथेही पेले आलाच. २०१५ मध्ये झिकोनं फिफाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवायचं जाहीर केलं होतं, पण लागणाऱ्या पाच देशांचा पाठिंबा जमला नाही.

१८. प्रशिक्षक म्हणून कसा होता?

चांगला, पण खेळाडू झिकोच्या जवळपासही नाही. जपानला २००४ चा आशिया चषक जिंकून दिला. २००६ च्या वर्ल्डकपमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि साखळीतच गाडी थांबली. शेवटचा सामना होता ब्राझीलविरुद्ध, १-४. तुर्कस्तानात फेनेरबाचेला शताब्दीच्या वर्षी लीग, आणि त्यानंतरच्या मोसमात चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. पुढे ताश्कंद, मॉस्को, अथेन्सजवळचं ऑलिंपियाकोस, इराक, कतार अशी भटकंती. २०१४ मध्ये गोवा.

१९. गोव्यात त्यानं नेमकं काय केलं?

इंडियन सुपर लीगच्या पहिल्या तीन मोसमांत, २०१४ ते २०१६, तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. पहिल्या वर्षी सुरुवात वाईट, तरी संघ साखळीत दुसरा आला. उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध दोन्ही सामने ०-० आणि टायब्रेकरवर हार. २०१५ मध्ये साखळीत पहिला. त्याच मोसमात फातोर्ड्यावर मुंबई सिटीला ७-० मारलं, डुडू आणि हाओकिप दोघांच्या हॅटट्रिक. मुंबईकर वाचकांनी हे उत्तर दोन ओळी पुढून वाचावं.

२० डिसेंबर २०१५, फातोर्डा, अंतिम सामना, चेन्नईयिनविरुद्ध. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेनं गोव्याला २-१ पुढे नेलं. मैदानात फटाके फुटायचेच बाकी होते. ९० व्या मिनिटाला गोलरक्षकाच्या हातून स्वयंगोल, दोन मिनिटांनी मेंडोझाचा गोल, २-३. सारियात ज्यानं हेच सोसलं होतं, त्याच्यासमोर हे मडगावात पुन्हा घडलं. तिसऱ्या मोसमात संघ तळाला गेला आणि झिको निघाला.

पण गोव्याच्या पोरांनी त्याच्याकडून काही घेतलं. मंदार राव देसाई त्याच्या हाताखाली खेळला. रोमिओ फर्नांडिस पहिल्या मोसमानंतर थेट ब्राझीलच्या आत्लेतिको पारानाएन्से क्लबाकडे लोनवर गेला. शिवाय पोर्तुगीज बोलणारे वडीलधारे अजून असलेल्या गोव्यात झिकोला दुभाषाशिवाय गप्पा मारायला माणसं मिळाली, हे इतर कुठल्या भारतीय शहरात झालं नसतं.

२०. त्याचे एकूण गोल किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

कारण प्रत्येक जण वेगळे सामने मोजतो. राष्ट्रीय संघासाठी सर्वमान्य आकडा ७१ सामन्यांत ४८ गोल, क्लब संघांविरुद्धचे दौऱ्यांवरचे सामने धरले की तो वाढतो. फ्लामेंगोसाठी पाचशेहून जास्त, आणि माराकानावर त्याच्याइतके गोल दुसऱ्या कुणाचेच नाहीत. ब्राझीलचे क्लब तेव्हा वर्षाला सत्तर-सत्तर सामने खेळायचे, त्यात मैत्रीपूर्ण सामने कितीतरी.

याच गोंधळातून २०१२ चा वाद निघाला. मेस्सीनं एका वर्षातल्या गोलांचा विक्रम केला, तेव्हा फ्लामेंगोनं सांगितलं की झिकोनं १९७९ मध्ये ८९ केलेत. फिफानं हे असले विक्रम आपण ठेवतच नाही म्हणून हात झटकले. त्या १९७९ मधलाच गोयताकाझविरुद्धचा सामना बघा, ७-१ आणि झिकोचे एकट्याचे सहा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पूरग्रस्तांसाठीच्या सामन्यात पेले फ्लामेंगोकडून खेळला, तेव्हा झिकोनं आपला दहा नंबर त्याला दिला आणि स्वतः नऊ घालून तीन गोल मारले.

२१. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

आधी १९८१ चा लिव्हरपूलविरुद्धचा पहिला डाव, फक्त झिकोवर नजर ठेवून. मग जपानमधला १९९३ चा सम्राट चषकातला गोल: पुढे निघून गेलेला झिको हवेत आडवा होतो आणि मागून आलेला चेंडू टाचेनं डोक्यावरून जाळ्यात घालतो. वय चाळीस. सारियाचा सामना शेवटी ठेवा, आणि शक्यतो एकट्यानं बघा.

वेळ फारच कमी असेल तर १९८२ चीच स्कॉटलंडविरुद्धची फ्री-किक, सेव्हिलमधली. स्कॉटलंड १-० पुढे आहे, भिंत लागली आहे, अंतर बरंच आहे. झिको दोन-तीन पावलं घेतो. चेंडू वरच्या कोपऱ्यात जातो तेव्हा गोलरक्षक अॅलन रफ जिथे उभा होता तिथेच उभा असतो.